वर्धेच्या दोन्ही काठांवर इंग्रजी राज्य एकच होते का?

पुसदकर_वाचक

सर्व जाणकारांस नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाने गावाच्या इतिहासाची एक लहान पुस्तिका काढायचे ठरवले असून त्यातील इंग्रजी अमदानी आणि स्वातंत्र्यलढा हे प्रकरण माझ्याकडे सोपवले आहे. लिहायला बसल्यावर एक पेच पडला, तो येथे मांडतो.

आमचे गाव पुसद तालुक्यातले, म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेकडील जुन्या वऱ्हाडातले. आजोळ मात्र नदीच्या पूर्वेला भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. आजोळची वडीलधारी मंडळी जुन्या काळाविषयी बोलत तेव्हा त्यांच्या बोलण्यात गोरा साहेब क्वचितच येई. येई तो मालगुजार, म्हणजे गावाचा मालक ठरलेला वसूलदार: त्याचा वाडा, त्याची सीर म्हणजे घरची शेती, धानाच्या बांध्यांवर फिरणारी त्याची माणसे आणि रोवणीच्या दिवसांत स्वतःचे शेत बाजूला ठेवून आधी त्याच्या शेतावर करावी लागणारी बेगार. आमच्या गावी मालगुजार कधी नव्हताच. येथे आठवणी निघतात त्या पटवाऱ्याच्या, शेतसाऱ्याच्या हप्त्याच्या, सावकाराने कोर्टातून आणलेल्या जप्तीच्या आणि जंगलाच्या नाकेदाराने अडवून ठेवलेल्या बैलगाडीच्या. पुढे पुढे तर दोन्ही गावे एकाच प्रांतात होती आणि दोन्हीकडे हुकूम नागपूरहूनच सुटत होते, तरीही दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी दोन निरनिराळी राज्ये पाहिली असावीत असे वाटते.

विदर्भातील स्वातंत्र्यलढा म्हटला की अमरावतीचे १८९७ चे आणि नागपूरचे १९२० चे काँग्रेस अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, सेवाग्राम आणि १९४२ एवढे टप्पे सांगितले जातात. यात शहर आहे, आश्रम आहे. गाव कोठे आहे? माझे विचारणे असे की हा जमिनीच्या व्यवस्थेतला फरक मुळात कोठून आला, आणि गावकरी चळवळीत उतरले ते या रोजच्या जाचामुळे उतरले की अमरावती-नागपूरच्या वकिलांनी हाक दिली म्हणून उतरले?

बंदोबस्त

पुसदकर, जमिनीच्या जुन्या नोंदी हाताळण्यातच माझी नोकरी गेली असल्यामुळे आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

हा फरक इंग्रजांच्याही आधी सुरू होतो. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावर पाणी सोडावे लागले आणि तो निजामाकडे गेला. त्याआधी वऱ्हाडात भोसले आणि निजाम या दोघांची वसुली एकाच वेळी चालत असे, त्यालाच जुन्या कागदांत दोअमली म्हणतात. पुढे १८५३ हे एकच वर्ष दोन्ही काठांना भोवले. त्या वर्षी हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्याचे निमित्त साधून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. एक मुलूख कर्जापोटी लिहून घेतलेला, दुसरा वारस नाही म्हणून गिळलेला. नागपूरकडचा भाग १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला; वऱ्हाड मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली चालला. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंडाच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले. म्हणजे आपण ज्याला एक प्रांत म्हणता तो पन्नास वर्षे वेगवेगळा चालून झाल्यावर जोडलेला आहे.

या पन्नास वर्षांत जमिनीचा निकाल लागून गेला होता. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, शेताला नंबर पडले, आणि जो कसतो व सारा भरतो त्याच्या नावे खाते झाले. खातेदार आणि सरकार यांच्यामध्ये कोणी नाही. ऐकायला हे चांगले वाटते, आणि तीस वर्षे सारा कायम राहणार ही हमीही लहान नव्हती. परंतु खाते विकता येऊ लागले आणि गहाण पडू लागले, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा हाती असलेला सावकार ते खाते आपल्या नावे करून घेऊ लागला. आपल्या गावच्या आठवणींत जप्ती येते ती या वाटेने.

नागपूरकडे साहेबांनी याच्या उलट केले. भोसल्यांच्या काळी गावचा पाटील वसुलीला जबाबदार असे, कधी गाव मक्त्यानेही दिले जाई. परंतु तेवढ्याने तो गावाचा मालक होत नसे. १८६० च्या दशकात जमिनीचा हक्क आणि सारा ठरवणारा जो बंदोबस्त झाला त्यात या वसूलदारालाच मालगुजार ठरवून गावठाण, पडीत, झुडपी रान आणि तळी यांसह सगळ्या गावाची मालकी त्याच्या नावे लिहून दिली गेली. जुन्या कुळांपैकी ज्यांचा हक्क सिद्ध झाला त्यांना मलिक मकबुजा म्हणून आपल्या शेतापुरती मालकी मिळाली. बाकीचे कूळ झाले. माझ्या मते विदर्भातील खेड्यावर इंग्रजी राज्याने केलेला सर्वांत मोठा घाव हाच, कारण त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

त्या काळचा वाजिब-उल-अर्ज पाहायला मिळाला तर अवश्य पाहा. गावाच्या चालीरीतींची ती नोंद आहे: मोहाची फुले कोणी वेचायची, जळणासाठी कोणत्या रानात जायचे, पांदण कोणाच्या धुऱ्यावरून जाते, गुरे कोठे चारायची, तळ्याचे पाणी आधी कोणाच्या बांधीला. हक्क गावाचा होता, तो लिहिलाही गेला, पण मालकाच्या खालच्या ओळीत. भंडाऱ्याकडचे तलाव त्याच हिशेबात मालगुजाराचे झाले. वास्तविक ते बांधण्याचे कसब आणि श्रम कोहळी समाजासारख्या शेतकऱ्यांचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तरी आजही त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतात.

त्यामुळे आपल्या आजोळी गोरा साहेब आठवत नाही याचे नवल वाटायला नको. त्याला गावात यावेच लागत नव्हते.

खारपाण

बंदोबस्त काकांनी जमिनीचे सांगितले ते पटण्यासारखे आहे. पण वऱ्हाडाचा विचार कपाशीशिवाय करता येणार नाही. मी अकोट भागातला. आमच्याकडे इंग्रजी राज्य तहसीलच्या कचेरीइतकेच कापसाच्या गाडीवर बसून आले.

वऱ्हाड हाती घेण्यामागे फौजेच्या खर्चाचे कारण पुढे केले गेले, तरी ही काळी जमीन कापूस पिकवते याचे भान मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना चांगले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्गापासून खामगावच्या बाजारापर्यंत एक फाटा काढला गेला आणि त्याच्या उद्‌घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या गावच्या कापूस बाजारासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय यावा, एवढ्यावरून काय ते समजावे. पुढे यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे आली, तीही कापसासाठीच. ती खाजगी कंपनीची होती आणि देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही तिची मालकी कंपनीकडेच राहिली.

या गाडीने काय नेले आणि काय आणले, याचा हिशेब गावाने घातला तो दुष्काळात. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली होती, पूर्वी पेवांत साठणारे धान्य बाजारात जाऊ लागले होते. १८९६-९७ च्या आणि त्याहून भयंकर अशा १८९९-१९०० च्या दुष्काळात रेल्वे असलेल्या, नगदी पीक घेणाऱ्या या सुपीक मुलखात माणसे मेली. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या नातवंडांनी १९३० साल पाहिले हे विसरू नये. त्या सुमारास जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते आणि सारा मात्र जागचा हलला नव्हता. पुसदकरांच्या तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत, त्यांचाही उल्लेख त्या प्रकरणात यायला हवा. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि कापूस नेऊन परतीला मीठ आणणारा हा समाज रेल्वेने धंद्यातून उठवला, आणि मग फिरतो म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले.

मिठाचा विषय निघालाच आहे तर आमच्या पूर्णेच्या खोऱ्याचे सांगतो. या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. आज त्याने शेत भिजवले तर जमीन खराब होते म्हणून आम्ही कपाळाला हात लावतो. पण जुन्या काळी दहीहंडा भागात याच पाण्यापासून मीठ काढले जात असे. १९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले तेव्हा, समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या वऱ्हाडाने मिठाचा कायदा मोडायचा तरी कसा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर दहीहंड्याच्या विहिरींत सापडले. १३ एप्रिलला तेथे सत्याग्रह झाला. विहिरीतून खारे पाणी शेंदायचे, कढईत ओतून चुलीवर आटवायचे आणि तळाशी राहिलेले मूठभर मळकट मीठ पुड्या बांधून विकायचे. हे मीठ जेवणात कितपत चालले असेल ते सोडा, परंतु आपल्याच विहिरीचे पाणी आटवणे हा गुन्हा आहे ही गोष्ट त्या दिवशी जितक्या लोकांना कळली तितकी कोणत्याही भाषणाने कळली नसती.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. कापसाने काही खातेदारांना पैसाही दिला. त्यांची मुले शिकली, वकील झाली, आणि वऱ्हाडातील सभा-परिषदांना वर्गणी याच घरांतून मिळाली. जाच आणि बळ, दोन्ही एकाच पिकातून आले.

पुसदकर_वाचक

बंदोबस्त काका आणि खारपाण, दोघांचाही मनापासून आभारी आहे. परंतु यातून माझा पेच वाढलाच. अमरावतीच्या १८९७ च्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे नामांकित वकील होते. आमच्या जिल्ह्याचे लोकनायक बापूजी अणे हेही वकील. चळवळीला पैसा देणाऱ्यांत सावकार होते, जिनिंगवाले होते आणि पलीकडे काही मालगुजारही होते. ज्याच्याकडे खाते गहाण, त्याच्याच ओट्यावर स्वराज्याची सभा, असे असेल तर कुळाने किंवा कर्जदाराने ती कोणत्या कानाने ऐकली असेल? आमच्या तालुक्यातील १९३० च्या जंगल सत्याग्रहात खेड्यातील माणसे मोठ्या संख्येने आली, ती मग कशामुळे?

झाडीपट्टी

आपल्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे. शेताच्या बाबतीत गावातला एक गावातल्या दुसऱ्याचा देणेकरी होता. जंगलाच्या बाबतीत मात्र सगळे गाव सरकारचे गुन्हेगार होते. म्हणून सावकार आणि कर्जदार एका रांगेत उभे राहू शकले ते गवताच्या पेंढीसाठी.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही गोष्ट काँग्रेसच्या जन्माआधीची आहे. मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेसूर शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी १८५८ मध्ये गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवून इंग्रजांशी उघड लढाई केली. बाबूरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारणीचा हात होता, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. आपल्या पुस्तिकेत ही तारीख अमरावतीच्या अधिवेशनाच्या आधी यावी अशी माझी विनंती आहे, कारण विदर्भातील लढ्याची सुरुवात सभेपासून करण्याची जी सवय लागली आहे ती मला मान्य नाही.

त्यानंतर बंदुकीचे काम कायद्याने केले. सागवान हवे होते रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि सरकारी इमारतींसाठी. मेळघाटातील मोठे जंगल १८६० च्या दशकातच राखीव झाले. १८७८ मध्ये इंग्रजी मुलखासाठी वन कायदा आला आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्यामुळे तेथे १८८६ मध्ये वेगळा. कायदे दोन असले तरी नाकेदार एकच. गुरे शिरली की कोंडवाडा, कुऱ्हाड दिसली की दंड, मोहाची दारू घरी गाळली की आबकारीचा खटला. गोंड आणि कोरकूंच्या फिरत्या शेतीला तर उधळपट्टी ठरवून बंदच केले गेले. बंदोबस्त काका म्हणतात की मालगुजारी हा सर्वांत मोठा घाव. ज्यांच्या नावे शेतच नव्हते त्यांना विचारले तर ते जंगलाचे नाव घेतील.

आता पुसदचा सत्याग्रह. बापूजी अणे हे टिळकांच्या मुशीतले आणि कौन्सिलांवर विश्वास ठेवणारे नेते. वऱ्हाडातील पुढाऱ्यांपैकी अनेकांना गांधीजींचा असहकार आरंभी पटलाच नव्हता. पावसाळा लागल्यावर मिठाचा मार्ग बंद झाला, आणि गवताचा दिवस आला. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसदजवळच्या धुंदीच्या राखीव जंगलात विळ्याने गवत कापले आणि त्यांना अटक झाली. पुढच्या काही आठवड्यांत वर्धा जिल्ह्यातील तळेगावसह ठिकठिकाणी हेच घडले. तुमच्याकडील माणसे आली ती वकिलांच्या हाकेला आली हे खरे, पण हाक गवताची होती म्हणून आली. हाच माणूस आदल्या वर्षी घटनात्मक सुधारणांवर बोलायला उभा राहिला असता तर किती गाड्या जुंपल्या गेल्या असत्या?

एक कडू गोष्टही सांगायलाच हवी. पुढारी ठरलेल्या दिवशी, पोलिसांना आधी कळवून, एक पेंढी कापत. शिक्षा भोगून आले की हार घालून मिरवणूक निघे. त्याच प्रांतातील शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे ९ ऑक्टोबर १९३० रोजी गवत कापायला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि चार जण ठार झाले, त्यांत तीन स्त्रिया होत्या. कायदा तोच, गवतही तेच. स्वराज्य आल्यावरही नाकेदार राहिलाच, हे येथे कोणाला वेगळे सांगायला नको. आमच्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याखाली. आणि दावा करताना कामी आले ते जुने निस्तार हक्काचे, म्हणजे जळण-चराईसारख्या गावाच्या जंगलवापराच्या हक्काचे, कागद. काका, आपल्या नोंदींचा हा उपयोग मात्र मोठा.

उमरेडकर

वर सावकार, खातेदार, कूळ, आदिवासी सगळे आले. गावकुसाबाहेरची वस्ती अजून आलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

नागपूर-भंडारा पट्ट्यातील महार समाजात जाडेभरडे कापड विणणारी घरे पुष्कळ होती. गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड आल्यावर त्यांचे माग बसले. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत त्यांच्यापैकी अनेक जण मजूर म्हणून गेले. म्हणजे ज्या राज्याने धंदा घेतला त्याच राज्यात महिन्याचा रोख पगार, शाळा आणि गावाच्या वेठीतून सुटका यांची वाटही सापडली. नागपूरचे दलित समाजसुधारक किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्या माणसाचे काम या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १९२० च्या मे महिन्यात नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली, तीत तरुण आंबेडकर बोलले. त्याच नागपुरात त्याच डिसेंबरात काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केले. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली, तीत पंजाबराव देशमुख पुढे होते. आणि १९४२ च्या जुलैत तर पंधरवड्याच्या आत दोन ठराव झाले: १४ तारखेला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीचा, इंग्रजांनी निघून जावे असा, आणि १८ ते २० तारखांना नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाच्या स्थापनेचा.

या दोन ठिकाणांत अंतर फार तर एका दुपारच्या प्रवासाचे. तेव्हा "गाव चळवळीत उतरले" असे आपण लिहिलेत तर कोणते गाव, हे सांगायला हवे. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्याने साहेब जाण्याआधी आपले काय होणार हे विचारणे यात देशद्रोह नव्हता. ते त्याचे राजकारण होते आणि पुस्तिकेत त्याला स्वतःची जागा मिळावी.

आर्वी_तालुका

चर्चा उत्तम चालली आहे. पण वर्धेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे, ही मांडणी १९४२ ला लावून पाहिली तर काय होते ते सांगतो.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आमच्या आष्टीला जमाव पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेला, गोळीबार झाला, लोक मेले आणि चिडलेल्या जमावाने पोलिसांनाही मारले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूरला प्रभातफेरीपासून सुरू झालेला दिवस सरकारी विश्रामगृह जळण्यात आणि अधिकारी मारले जाण्यात संपला; फौज येईपर्यंत काही दिवस तेथे इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता. ही दोन्ही गावे मालगुजारी मुलखातली. एवढ्यावर कोणी म्हणेल की कुळांचा राग बाहेर पडला. परंतु त्याच महिन्यात वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा येथेही लोक गोळीबारात पडले, आणि ती गावे खातेदारांची. शिवाय आष्टीत किंवा चिमुरात मालगुजाराचा वाडा लुटला गेला नाही. राग ठाण्यावर, विश्रामगृहावर आणि गणवेशावर निघाला. जमिनीच्या व्यवस्थेने गाऱ्हाणी वेगळी दिली हे मान्य, उठाव मात्र तिच्या रेषेवरून चालला नाही.

मग तो कशाने चालला? माझे उत्तर असे की दोन्ही काठांना जोडणारी एक गोष्ट तोवर तयार झाली होती आणि ती वकिलांनी केलेली नव्हती. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांची खंजिरी वर्धेच्या दोन्ही बाजूंना वाजत होती. भजनाला येणारा माणूस सावकार की देणेकरी हे तेथे कोणी विचारत नसे, आणि भजनातून सांगितले जाई ते गावाच्या बोलीत. चिमुरात त्यांचा मुक्काम आणि त्यांचा परिणाम किती, हे सरकारने ओळखले होते. ऑगस्ट संपण्यापूर्वीच त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. काँग्रेसचे मोठे पुढारी ९ ऑगस्टलाच गजाआड गेले होते, तेव्हा चिमूर आणि आष्टी कोणाच्या हुकमाने पेटले असे विचारणे फोल आहे.

पुढचे फार कोणी लिहीत नाही ते आपण लिहा. फौजेने चिमुरात स्त्रियांवर अत्याचार केले, सरकार चौकशी करीना, म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. ते जानेवारी १९४३ मध्ये सुटले. खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या आणि देशभर गाजावाजा होऊन अखेर १९४५ मध्ये त्या जन्मठेपेवर आल्या. उपोषणाची हकिगत तरी सापडते, पण त्या घरांतील बायकांनी पुढे काय सोसले याची हकिगत वर्षानुवर्षे चौकातील हुतात्म्यांच्या फलकाबाहेरच राहिली आहे. आपल्या गावात अशी घरे असतील तर कागद शोधण्याआधी तेथे जाऊन बसा.

बंदोबस्त

आर्वीकरांचा मुद्दा मान्य आहे. मी गाऱ्हाण्याचा उगम सांगितला होता. उठाव त्याच मापाने व्हावा असा माझा आग्रह नाही. झाडीपट्टीकरांना एवढेच सांगतो की मालगुजारी मुलखात गावालगतचे झुडपी जंगलही मालगुजाराकडेच होते, त्यामुळे आमचे दोन घाव एकाच जागी पडलेले दिसतील.

पुसदकर, आपल्या कामासाठी आणखी एक सांगावेसे वाटते. आपला तालुका पैनगंगेच्या अलीकडचा आहे, म्हणून प्रकरण १५ ऑगस्ट १९४७ ला संपवू नका. १९३६ च्या करारातही इंग्रजांनी वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदावर मान्य केले होते आणि त्याच्या वारसाला प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी दिली होती. आपल्या गावात झेंडा लागला त्या दिवशी नदीपलीकडचे सोयरे निजामाच्या राज्यातच होते, आणि तेथील निकाल १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लागला नाही. त्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भीतीने नदी ओलांडून कोणकोणती कुटुंबे आपल्या बाजूला आली, कोणाच्या गोठ्यात राहिली आणि त्यांतली किती परत गेली, हे सांगू शकणारी पिढी आता अगदी थोडी उरली आहे; तहसीलमधील कागद पुढच्या वर्षीही पाहता येतील.